आजीला खरं कॉलेज सांगा

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो. मुलाला बर्कली विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही म्हणून तो क्युपर्टिनोच्या डी आन्झा या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जातो. कोथरूडला सासूबाईंना मात्र आम्ही तो सँटा क्रूझच्या विद्यापीठात आहे असं सांगितलंय. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलला त्याच्या खोलीतली पोस्टरं काढून भिंत कोरी केली, होस्टेल वाटावं म्हणून. कॉलेज आम्हाला त्याचे मार्क दाखवत नाही, पासवर्ड मागितला की तो चिडतो. लेक्चर संपलं की थेट घरी यायचं, हा नियम केलाय. त्याची दोन वर्षं वाया जाणार का? इथून बर्कलीच्या कम्प्युटर सायन्सची गॅरंटी मिळते म्हणतात, ते खरं का? – एक आई

उत्तर : आधी त्या भिंतीचं बघू. आजीने विचारलं असेल, ‘मेसमध्ये पोळी मिळते का रे?’ आणि खाली तुम्ही पोळ्या लाटत असताना त्याने ‘नाही गं, ब्रेडच असतो’ असं काहीतरी ठोकून दिलं असेल. अठरा वर्षांच्या मुलाने त्यातून काय घेतलं असेल? आपण जिथे रोज जातो ती जागा घरच्यांना लाजिरवाणी वाटते, एवढंच. मग तो तिथे जीव ओतून शिकेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? माफ करा, पण बर्कलीच्या नकारापेक्षा मला या कोऱ्या भिंतीची काळजी जास्त वाटते.

पासवर्डचं म्हणाल तर कॉलेजचं बरोबर आहे. अमेरिकेत १९७४ च्या फर्पा कायद्याने मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. त्याच्या संमतीशिवाय कॉलेज तुम्हाला सहसा काही दाखवणार नाही. ‘फी आम्ही भरतो’ हे खरं. पण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला तिथे युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ३१ डॉलर पडतात. पंधरा युनिटांचे ४६५, वर किरकोळ शुल्क. तेवढ्यात मुलाचा पासवर्ड विकत मिळत नाही.

आता ‘वाया’चं. हे कॉलेज म्हणजे नापासांचा कोंडवाडा, हा समज आपल्या लोकांत फार घट्ट बसलाय. कॅलिफोर्नियात सरकारी उच्च शिक्षणाची रचनाच अशी आहे की पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून तिसऱ्या वर्षाला यूसीत, म्हणजे बर्कली, सँटा क्रूझ वगैरे कॅम्पस असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, जाता येतं. त्या वेळी यूसी बघते ते मुख्यतः कॉलेजातले गुण; बारावीपर्यंतचा हिशेब मागे पडतो. पदवीवर नाव यूसीचंच असतं. वर्षं वाया जातात ती वेगळ्या कारणाने. डी आन्झात सेमिस्टर नाही, क्वार्टर असतो, साधारण बारा आठवड्यांचा. पहिली मिडटर्म येते तेव्हा पोरं अजून पार्किंग शोधत असतात. तिसऱ्या वर्षात जायला ९० क्वार्टर युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे सहा क्वार्टर दरवेळी पंधरा, आणि तीही त्या मेजरला (मुख्य विषयाला) चालणाऱ्या विषयांची. कोणता विषय कुठे चालतो हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. ते न बघता मित्राने घेतला म्हणून विषय घेतला, की सातवा क्वार्टर लागतो.

गॅरंटीबद्दल अर्धवट ऐकलंय तुम्ही. टॅग (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी) ही प्रवेशाची हमी यूसीच्या सहाच कॅम्पसची आहे : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. एका वेळी एकच निवडायचा, अर्ज सप्टेंबरात. त्यातही सगळी मेजर येत नाहीत. सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज तर नाहीच. बर्कली यात नाही. तिथे अर्ज करता येतो, मुलं जातातही, पण हमी कुणी देत नाही.

मला खटकलेली दुसरी गोष्ट म्हणजे लेक्चर संपलं की घरी, हा तुमचा नियम.  डी आन्झाला बहुतेक सगळे आपापल्या घरून, नोकरीवरून येतात. शेजारच्या बाकावर चाळिशीची बाई असते, कुणी रात्रपाळी करून आलेला असतो. अशा ठिकाणी ओळखी आपोआप होत नाहीत, त्या लेक्चरनंतरच्या दोन तासांत होतात : ट्युटरिंगच्या टेबलाशी, क्लबात, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना. उद्या शिफारसपत्र लागलं तर ते त्याच प्राध्यापकांकडून येणार. ते दोन तास तुम्ही कापलेत.

सासूबाईंना सांगायला काही भारदस्त हवंच असेल तर ‘अॅपल’चा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअॅक इथूनच बर्कलीला गेला, आणि १९८४ मध्ये ‘अॅपल’चा पहिला मॅकिंटॉश संगणक याच कॅम्पसवरच्या तेव्हाच्या फ्लिंट सेंटर या सभागृहात जगाला दाखवला गेला. पण माझा अंदाज, आजीला याचं फारसं पडलेलं नसेल. नातू घरचं जेवतोय हे ऐकून त्या खूश होतील. येत्या रविवारी फोन लावा, खरं सांगा, आणि पोस्टरं परत लावायचं काम त्याच्यावर सोडा.

आणखी एक. एवढ्या लांब पत्रात मुलाला काय आवडतं याचा एक शब्द नाही. कम्प्युटर सायन्स तुमचं की त्याचं? त्याच कॉलेजात ऑटोमोटिव्हपासून चित्रकलेपर्यंत शिकवतात. मेजर कोणता घ्यावा हे मी तुम्हाला सांगणार नाही. पुढचं पत्र त्याने लिहावं. मराठी जमत नसेल तर इंग्रजीत, आणि तुम्ही न वाचता पाठवावं.