शिवालिकची वाळू कोणत्या डोंगरातली?

प्रश्न : शिवालिक टेकड्यांतला वालुकाश्म हिमालयाच्या नेमक्या कोणत्या भागातून आला, हे झिरकॉनच्या वयावरून कसं ठरवतात? किती कण पुरतात?

उत्तर : झिरकॉन हे वाळूत बारीक कणांच्या रूपात सापडणारं खनिज. तयार होताना तो युरेनियम सामावून घेतो, शिसं जवळजवळ नाही. या युरेनियमचं पुढे ठरावीक वेगाने शिसं होत जातं. त्यामुळे आत साठलेल्या शिशावरून स्फटिकाचं वय निघतं. वालुकाश्म फोडून चाळा, धुवा, चुंबकाने लोहयुक्त खनिजं काढा आणि उरलेलं मिथिलीन आयोडाइड या जड द्रवात सोडा. त्याची घनता ३.३, झिरकॉनची सुमारे ४.६; म्हणून क्वार्ट्‌झ तरंगतो, झिरकॉन तळाशी बसतो.

खरी चूक होते ती पुढे, कण निवडताना. मोठे, स्वच्छ, देखणे कण वेचले की निकाल तिथेच बिघडला. सरसकट कण इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेत बसवा, घासून मध्य उघडा करा आणि वय मोजण्यासाठी लेझर लावण्याआधी कॅथोडोल्युमिनेसन्सची (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण उजळून आतले थर दाखवणारी) छायाचित्रं घ्याच. गाभा आणि कडा यांची वयं वेगळी असू शकतात. लेझरचा ठिपका दोन्हींवर पडला तर मिळणारं वय कुठल्याच घटनेचं नसतं.

कण निदान ११७ मोजा. तेवढ्यांत ५ टक्क्यांहून मोठा कोणताही वयोगट निसटणार नाही, अशी ९५ टक्के खात्री मिळते.

१८०–१९० कोटी वर्षांचे कण भरपूर असतील तर लघुहिमालयाकडे बोट जातं, ८०–११० कोटींचे असतील तर बृहद्‌हिमालयाकडे. १० कोटींहून तरुण कण बहुधा सिंधू-त्सांगपो सांध्यापलीकडच्या (जिथे भारत आणि आशियाचे भूखंड जुळले) ग्रॅनाइटांचे. मात्र झिरकॉन चिवट असतो, जुन्या वालुकाश्मातून सुटून पुन्हा वाहतो. म्हणून सोबत अभ्रकाचं आरगॉन-वयही (पोटॅशियमपासून साठलेल्या आरगॉनवरून मिळणारं) काढावं.