इलेक्ट्रिक जॅझ आणि जॅझ चित्रपटसंगीत दोन्ही गोळा करायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९७१ च्या 'जॅक जॉन्सन' या अल्बमपासून सुरुवात करावी, कारण तो पूर्णपणे इलेक्ट्रिक, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारसारख्या विजेवरील वाद्यांभोवती बांधलेला आहे आणि मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन यांच्यावरील माहितीपटाचे संगीतही आहे. रेकॉर्डच्या दोन बाजूंवर प्रत्येकी एकच दीर्घ रचना आहे. पहिलीत जॉन मॅकलॉफ्लिन यांची गिटार, बास आणि ड्रम्स दोन मिनिटांहून अधिक काळ एकट्यानेच रंगत राहतात आणि मगच ट्रम्पेट आत शिरते. दुसरी रचना निर्माते टिओ मॅसेरो यांनी वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून घडवली असून त्यात डेव्हिस यांच्याच १९६९ च्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बममधील अंशही ऐकू येतो, म्हणून पुढची खरेदी त्या अल्बमची करावी. संग्राहकाने वेष्टनही पाहावे: सुरुवातीच्या आवृत्तीवर मोटारीतील जॉन्सन यांचे चित्र होते, नंतरच्यांवर ट्रम्पेट वाजवणारे डेव्हिस आले. चित्रपटसंगीताच्या बाजूने डेव्हिस यांचेच फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या 'एलिव्हेटर टू द गॅलोज' (मूळ फ्रेंच नाव 'Ascenseur pour l'échafaud') या चित्रपटासाठीचे, डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसमध्ये पडद्यावरील दृश्ये पाहत बरेचसे उत्स्फूर्तपणे वाजवलेले संगीत घ्यावे. ते इलेक्ट्रिक नाही, तरी ते वगळणे मला चुकीचे वाटते. त्यानंतर पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचा १९७३ चा इलेक्ट्रिक अल्बम 'हेड हंटर्स' आणि त्यांचेच १९७४ च्या 'डेथ विश' या चित्रपटाचे संगीत लागोपाठ ऐकावे. एक अट आहे: 'जॅक जॉन्सन'चा २००३ मधील पाच सीडींचा संपूर्ण संच आधी घेऊ नये, त्यात एकाच रचनेची अनेक रूपे सलग येतात आणि मूळ अल्बम कानात बसलेला नसेल तर त्यांतला फरक कळत नाही.