माशाच्या रक्तातल्या प्रथिनावर पीएच.डी.?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईंचं पत्र आलंय: "लेकीनं झूलॉजीत एम.एस्सी. केलं. आता पीएच.डी. करायची म्हणते, तीही माशाच्या रक्तातल्या कुठल्याशा प्रथिनावर. आमच्याकडे मासे खातसुद्धा नाहीत! यातून पुढे काय?"

ताई, विषय कळला की निम्मी काळजी कमी होईल. माशाच्या यकृतात तयार होणारं एक प्रथिन रक्तात इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन यांना धरून ठेवतं. धरलेलं हार्मोन पेशीत सहज शिरत नाही. काम करतं ते सुटं हार्मोन. गंमत अशी, की हे प्रथिन किती बनावं हेही हार्मोनच ठरवतात. ट्राउट माशाला इस्ट्रोजेन टोचलं की त्याच्या रक्तात हे प्रथिन वाढतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांतही तसंच होतं. शिवाय पाण्यात मिसळलेली स्टेरॉइड, म्हणजे याच जातीची रसायनं, कल्ल्यांवाटे माशात शिरतात, त्यालाही हे प्रथिन हातभार लावतं. म्हणजे हाच विषय मत्स्यबीज आणि प्रदूषण, दोन्हीकडे पोचतो.

नोकरी मात्र प्रथिनाच्या नावावर मिळत नाही, हाताच्या सवयीवर मिळते. रक्तद्रव बर्फावर ठेवायचं, त्यात खुणेचं, म्हणजे किरणोत्सारामुळे मोजता येणारं, हार्मोन घालायचं, मग कोळशाच्या भुकटीनं सुटं हार्मोन शोषून घ्यायचं, तेही ठरलेल्या मिनिटांत. दोन मिनिटं उशीर झाला की आकडा बिघडला. ही शिस्त अंगात मुरलेली मुलगी औषधकंपनीच्या चाचणी विभागात किंवा पाणी तपासणीच्या लॅबमध्ये उपरी ठरत नाही. बडोद्याच्या आसपास औषधकंपन्या काही कमी नाहीत.

माझी खरी शंका वेगळीच आहे. रोहू, कटला पावसाळ्यात अंडी घालतात, वर्षातून एकच हंगाम. तो हुकला की त्या हंगामातल्या रक्ताच्या नमुन्यांसाठी अख्खं वर्ष गेलं, आणि पीएच.डी. पाच वर्षांची सहा कधी होते ते कळतही नाही. म्हणून लेकीनं गाइडना स्पष्ट विचारावं: मासे कुठून आणणार? ट्रिटियमचं (किरणोत्सारी हायड्रोजनची खूण असलेलं) हार्मोन वापरणार असाल तर त्याची परवानगी आहे का? तो किरणोत्सार मोजणारा सिंटिलेशन काउंटर चालू आहे की नुसता कापडाखाली झाकलेला? या प्रश्नांवर गाइड चिडले, तर उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

आधी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी, विषय लाइफ सायन्सेस. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. ती नसताना "नंतर बघू, काहीतरी सोय होईल" या भरवशावर प्रवेश घेऊ देऊ नका. असे अडकलेले विद्यार्थी मी पाहिलेत. आणि मत्स्यशेतीकडेच वळायचं मनात असेल, तर मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेची पात्रता आत्ताच वाचून घ्यावी. एम.एस्सी. झूलॉजीवाल्यांना तिथलं प्रत्येक दार उघडं नसतं.

लग्नाबद्दल लिहिलंत, त्यात मी पडत नाही. पण गाइडना भेटायला जाताना तिला एकटीला जाऊ द्या.