गिटारिस्ट बदलला, गाणं कोणाचं?

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहतो, वय २४. बाबांचा आणि माझा ‘डीप पर्पल’ या इंग्लिश रॉक बँडवरून महिनाभर वाद चालू आहे. बाबा म्हणतात, मूळचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर गेला तिथेच बँड संपला, पुढचे सगळे बदली कामगार. मला नंतरचा गिटारिस्ट स्टीव्ह मॉर्स मनापासून आवडतो. तुम्हीच निकाल द्या.

उत्तर : बाबांचं दुखणं मला कळतं. मी शाळेत असताना दादाने कॅम्पातल्या एका दुकानातून त्यांची ‘मेड इन जपान’ कॅसेटवर भरून आणली होती. ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाका आणि टोकियोच्या मैफलींची ही रेकॉर्ड सुमारे ७६ मिनिटांची, आणि दुकानदाराने ती ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये कोंबलेली. शेवटचं ‘स्पेस ट्रकिंग’ ऐन रंगात तुटायचं. कितीतरी वर्षांनी जुन्या बाजारात रविवारी मला तिची दोन तबकड्यांची एलपी मिळाली, तेव्हा ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या माडीवर मी एकटीच होते, आणि डोळ्यांत पाणी आलं. ब्लॅकमोरच्या जागा ज्याच्या अंगात अशा भिनल्यात, त्याला दुसऱ्याचा हात परका वाटणारच.

तरीही निकाल तुमच्या बाजूने देते.

ब्लॅकमोर १९७५ मध्ये पहिल्यांदा बँड सोडून गेला आणि त्याने ‘रेनबो’ हा नवा बँड काढला. त्याच्या जागी अमेरिकेचा टॉमी बोलिन आला. त्याच्यासोबतचा ‘कम टेस्ट द बँड’ हा एकच स्टुडिओ अल्बम निघाला, आणि बाबांनी तो एकदा शांतपणे ऐकावा अशी माझी विनंती आहे. त्यात फंक, म्हणजे ठेक्यावर झुलवणारी शैली आहे, लय मोकळी आहे. बोलिनने ब्लॅकमोर व्हायचा प्रयत्नच केला नाही. पण त्याचं शरीर त्याला साथ देत नव्हतं. त्या वर्षअखेरच्या टोकियोच्या कार्यक्रमात त्याचा हात इतका जायबंदी होता, की गिटारच्या बऱ्याच जागा बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्डने ऑर्गनवर भरून काढल्या. ४ डिसेंबर १९७६ ला तो गेला, अवघ्या पंचविशीत. लोक त्याला ‘तो मधला’ म्हणतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

१९८४ मध्ये ब्लॅकमोर परतला आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये दौरा चालू असतानाच पुन्हा निघून गेला. जपानचे कार्यक्रम गिटारिस्ट जो सॅट्रियानीने निभावले. १९९४ मध्ये मॉर्स आला आणि २०२२ पर्यंत राहिला. पत्नीच्या कॅन्सरमुळे त्याने बँड सोडला. आता बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड वाजवतो. ब्लॅकमोरची दोन्ही पर्वं मिळून साधारण सोळा वर्षं भरतात, मॉर्सची अठ्ठावीस. अठ्ठावीस वर्षं घर सांभाळणाऱ्याला बदली कामगार म्हणू नये.

वर्षांचा हिशोब बाजूला ठेवला, तरी मला खरं वाटतं ते वेगळंच आहे. आपल्याकडे एकच बंदिश पाच गवई गातात. मुखडा कोणी मोडत नाही, पण आलाप-ताना ज्याच्या त्याच्या. रॉकमध्ये रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, हा मुखडा आणि सोलो, म्हणजे गिटारचं एकट्याचं वादन, हा विस्तार, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. अपवाद ‘डीप पर्पल’च्या ‘हायवे स्टार’ या गाण्याचा. त्यातला सोलो ब्लॅकमोरने जर्मन संगीतकार बाखच्या वळणाने, स्वर-स्वर जुळवून आधीच बांधलेला आहे. तो विस्तार राहिलेला नाही, त्याचीच बंदिश झाली आहे. मॉर्सने ते ओळखलं, मधला बांधलेला भाग टिकवला आणि आपलं बोलणं आजूबाजूला केलं. बाबांना आधी मॉर्सचं ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ ऐकवा. ते १९९६ चं, त्याच्याच काळातलं गाणं आहे, त्यामुळे तुलनेला जागाच नाही. ‘हायवे स्टार’ नंतर लावा.

प्रश्न : ‘डीप पर्पल’च्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ वर्षभर वाजवतेय, पण रेकॉर्डसारखी येत नाही. अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बदलू का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : पैसे वाचवा. तुम्ही बहुधा पॉवर कॉर्ड वाजवताय, म्हणजे षड्ज-पंचम. मूळ रिफ दोनच तारांवर आहे आणि त्या तारांमध्ये पंचम-षड्जाचं अंतर आहे, तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारांत असतं तेच. डी आणि जी तार एकत्र घ्या : मोकळी, तिसरा पडदा, पाचवा, मोकळी, तिसरा, सहावा, पाचवा, मोकळी, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळी. वरच्या तारेवर गाऊन बघा : सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. तो तीव्र मध्यम निसटता ठेवा, त्यावर रेंगाळू नका.

दुसरं, प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, बाजूला ठेवा. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो. प्लेक्ट्रमने त्या एकामागून एक वाजतात आणि धार जाते. शिवाय रेकॉर्डवर तुम्ही ऐकता तो आवाज एकट्या गिटारचा नाही. लॉर्डने हॅमंड ऑर्गन मार्शल अ‍ॅम्पमधून काढला आहे आणि तीच रिफ तोही वाजवतो. घरी एकटीने वाजवताना तेवढा भरीव आवाज येणार नाही, त्यात तुमची चूक नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बँडचा गिटारिस्ट नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. नवा मुलगा छान वाजवतो, पण आमच्या स्वतःच्या गाण्यांतले जुने सोलो त्याने तसेच वाजवावेत असं बाकीच्यांना वाटतं. मी ड्रम वाजवते. काय करू? (एरंडवणे)

उत्तर : जुन्या मुलाला फोन कर आणि विचार, कोणता सोलो त्याने बांधला होता आणि कोणता त्या-त्या दिवशी सुचेल तसा वाजवायचा. बांधलेला असेल तो नव्या मुलाने शिकावा. बाकीचे त्याला मोकळे सोडा, आणि पहिल्या तीन तालमी कोणी जुनं रेकॉर्डिंग लावायचं नाही, हे तूच सांग. ड्रमरचं सगळे ऐकतात. ‘डीप पर्पल’मध्येही प्रत्येक संचात टिकलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस.