आधी भोक, मग आकार

अरे, तंबाखूचा पाइप बनवायला पहिलाच ब्रायर लाकडाचा ठोकळा मागवलास आणि लगेच कानस घेऊन बसलास? थांब जरा. आधी भोकं पाड, आकार नंतर. चौकोनी ठोकळा शिकंज्यात घट्ट बसतो. गोलाई काढलीस की धरायचा कुठे?

धुराचं भोक साधारण 4 मिलिमीटर, तंबाखू भरायचा खळगा, म्हणजे बाऊल, 19-20. बारीक भोक बाऊलच्या अगदी तळाशी, मधोमध उघडलं पाहिजे. वर उघडलं तर खाली ओला तंबाखू साचतो आणि पाइप गुरगुरतो. माझे पहिले दोन असेच गुरगुरे निघाले, त्यात आता पेन्सिली उभ्या आहेत. घरच्या हातड्रिलने हे जमत नाही. वागळे इस्टेटमध्ये एखाद्या लेथवाल्याला गाठ, आणि आधी शिसवाच्या तुकड्यावर सराव कर. तो पाइप ओढायचा मात्र नाही.

ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठच्या झुडपाची मुळाशी आलेली गाठ. उकळून, महिनोन्‌महिने वाळवून विकतात, म्हणून महाग. तरी आत खड्डा निघतोच कधीकधी. दुकानदाराशी भांडू नकोस, आकार बदल.

ठाण्याचा पावसाळा लक्षात ठेव. जूनमध्ये लाकूड फुगतं, तेव्हा स्टेमची, म्हणजे तोंडात धरायच्या नळीची, दांड्यात शिरणारी चूळ ठोकून बसवू नकोस, दांडा तडकेल. घासताना मास्क लावच. पॉलिशपेपर 220 नंबरपासून चढत जा. घाई केलीस तर ओरखडे रंग लावल्यावरच दिसतात. वरून कार्नोबा मेण. बाऊलच्या आत व्हार्निशचा थेंबही नको.