टर्बो गाडीला रॅम एअर: पैसे टाकायचे का?

या वेळचे बरेच प्रश्न एकाच पाइपभोवती फिरतायत. बंपरमधून थेट इंटेकला (इंजिन हवा ओढतं त्या वाटेला) पाइप, पुढून येणारी हवा वेगाच्या जोरावर आत दाबायची, यालाच रॅम एअर म्हणतात. टर्बोवाल्यांनी जास्त विचारलंय म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसवर फिरणारा पंखा (टर्बाइन), तो दुसरा पंखा (कंप्रेसर) फिरवून इंजिनात हवा दाबून भरतो.

प्रश्न (पुणे): दादा, माझी व्हर्टस १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे, पूर्ण स्टॉक, कंपनीतून आली तशी. मॉडिफायवाला म्हणतो बंपरच्या खालच्या जाळीतून एअरबॉक्सपर्यंत (एअर फिल्टरचा डबा) पाइप टाकू, हायवेला १०-१२ बीएचपी पॉवर वाढेल. १८ हजार सांगतोय. करू का?

नका करू. आता हिशोबपण देतो, नाहीतर तो तुम्हाला परत पटवणार. ताशी १०० ला हवा गाडीवर आपटून जास्तीत जास्त जो दाब तयार होतो तो साधारण ४.६ मिलीबार. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०१३, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि तेही पाइप सरळ असेल, कुठे गळत नसेल तर. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो हे खरं, २०० ला १८ च्या आसपास जातो, पण एक्स्प्रेसवेला सपाटीवर लिमिट १०० आणि समृद्धीला १२०, तेव्हा २०० चं गणित आपल्या काय कामाचं. हेच ४.६ मिलीबार तुम्हाला ४० मीटर खाली उतरलं की आपोआप मिळतात. पुण्याहून मुंबईत उतरलात तर साठेक मिलीबार फुकटात, रॅम एअरच्या दसपटीहून जास्त, आणि तरी पनवेलला गाडी वेगळीच पळतेय असं कधी वाटलंय? वाटणार नाहीच, कारण टर्बो.

टर्बो गाडीत इंजिनला किती दाबाची हवा द्यायची ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ठरवतो. समजा त्याला २००० मिलीबार पाहिजेत. बाहेरून जरा जास्त दाबाची हवा आली की तो वेस्टगेट (गॅसला टर्बाइन टाळून बाहेर सोडणारी झडप) थोडा जास्त उघडतो, टर्बाइनला गॅस कमी देतो आणि आकडा परत २००० वर आणून ठेवतो. झालं, १८ हजार सायलेन्सरमधून बाहेर. कंप्रेसरला काम किंचित कमी पडतं, हवा किंचित कमी तापते, एवढं मिळतं, पण ते सीटवर बसून कळण्यासारखं नाही. टर्बो लॅगवर (पाय दाबल्यावर टर्बोला जोर धरायला लागणारा वेळ) पण उपयोग शून्य, कारण लॅग जाणवतो सिग्नलवरून निघताना, २० च्या वेगात, आणि तिथे रॅमचा दाब ०.२ मिलीबारच्या आत असतो.

प्रश्न (कोल्हापूर): टर्बो डिझेलला ओपन फिल्टर लावलाय. आवाज एक नंबर, पिकअपपण वाढल्यासारखा वाटतो. तुम्ही म्हणणार भास आहे.

हो, म्हणणारच. आवाज खरा आहे, एअरबॉक्स गेला की कंप्रेसरची शिट्टी उघडी पडते आणि कानाला पिकअप ऐकू येतो. पण फिल्टर आता बॉनेटखालची गरम हवा ओढतोय. बाहेर ३५ डिग्री आणि बॉनेटखाली ६० असेल तर हवा सात-आठ टक्के पातळ झाली, रॅम एअरनं मिळणार होतं त्याच्या कितीतरी पट तुम्ही इथेच घालवलं. पुढे ती टर्बोत जाते. दुप्पट दाब आणि कंप्रेसरची ७० टक्के एफिशियन्सी धरली तर ३५ ची हवा १३० च्या आसपास तापून निघते, ६० ची १६० च्या वर. ती थंड करायचं ओझं इंटरकूलरवर.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, ओबीडी डोंगल (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवतो तो) लावा. तुमच्या डिझेलमध्ये बहुतेक फिल्टरच्या लगेच मागे एमएएफ सेन्सर (किती हवा आत जाते ते मोजणारा) असेल आणि इंटेक टेंपरेचर तिथेच दिसेल. ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभं राहून आकडा चढताना बघा, मग कंपनीचा एअरबॉक्स परत बसवून तेच करा. कंपनीच्या एअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत ग्रिलच्या मागून एक चपटा प्लास्टिकचा स्नॉर्कल (हवेची नळी) असतो, थंड हवेची सोय तिथे आधीच केलेली असते, तीच आपण काढून भंगारात टाकतो. आणि फिल्टर तेल लावायचा असेल तर हात आखडता ठेवा, जास्तीचं तेल एमएएफच्या तारेवर बसलं की रीडिंग चुकतं.

प्रश्न (सातारा): मग जुन्या फॉर्च्युनरला बॉनेटवर स्कूप (हवा घ्यायचं तोंड) कशाला? टोयोटावाले येडे आहेत का?

अजिबात नाहीत. तो स्कूप इंजिनला हवा पाजायला नाहीये, खाली इंजिनच्या डोक्यावर आडवा इंटरकूलर बसवलाय त्याच्यावर वारा पाडायला आहे. सुबारू डब्ल्यूआरएक्सचंही तेच. टर्बो गाडीत पुढून येणाऱ्या हवेचा खरा उपयोग इथे आहे. तोटा एवढाच की गाडी उभी राहिली की इंजिनची सगळी धग इंटरकूलरला.

प्रश्न (ठाणे): कावासाकी स्वतः रॅम एअरचा आकडा वेगळा देते, झेडएक्स-४आर बाइक ७७ पीएस (बीएचपीसारखंच पॉवरचं माप), रॅम एअरसकट ८०. ती काय खोटं बोलते?

नाही हो. ते इंजिन नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोचं आहे, बाहेरचा दाब वाढला की तो थेट सिलिंडरमध्ये जातो, मध्ये वेस्टगेट वगैरे कोणी नाही. फक्त तो आकडा फुल स्पीडचा असतो, घोडबंदर रोडचा नाही. आता मजा बघा, कावासाकीच्याच निन्जा एच२ बाइकला सुपरचार्जर आहे (तोही हवा दाबणाराच) तरी २०१९ च्या मॉडेलला २३१ पीएसचे २४२ होतात. कारण तो सुपरचार्जर गिअरनं क्रँकला (इंजिनच्या मुख्य दांड्याला) जोडलेला, दाब किती पटीनं वाढवायचा ते आरपीएमवर ठरतं, त्यामुळे पुढून जे जास्तीचं आलं ते गुणून पुढे जातं. टर्बोतही हे होऊ शकतं, पण वेस्टगेट पूर्ण बंद असून टर्बोचा दम संपलेला असेल तेव्हाच, म्हणजे खार्दुंग ला वगैरे उंचीवर. आणि तिथे तुम्ही वीस-तीसनं चाललेले असता, रॅम एअर आणणार कुठून!

प्रश्न (नागपूर): मग पिकअप कमी झालाय त्याला काय करू? टर्बो डिझेल आहे, ९० हजार किमी.

आधी फिल्टर काढून बघा. जाम फिल्टर २०-३० मिलीबार सहज खातो आणि तो नवीन टाकायला काही शे रुपयेच लागतात. मग इंटरकूलरचे होज बघा, क्लॅम्पच्या कडेला काळा तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथून बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) गळतोय. चढाला पाय दाबला की फुस्स असा आवाज आणि मागे काळा धूर येत असेल तर बहुतेक होजच फाटलाय. चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही, हात फिरवूनच सापडते.

प्रश्न (चिपळूण): पाइप बंपरखालून आधीच टाकून बसलोय. पावसाळ्यात काही प्रॉब्लेम?

मोठा. तोंड इतकं खाली असलं की गुडघाभर पाण्यातसुद्धा इंजिन पाणी ओढणार, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या इन्शुरन्समध्ये हे बहुतेक धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन लागतो, आणि मॉडिफाय केलेला इंटेक दिसला की सर्व्हेअर त्यातही खोट काढणार. जूनच्या आत स्टॉक एअरबॉक्स परत बसवा. तोपर्यंत पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, सरळ टो करून न्या.