स्पेक्युलम: मूळ अर्थ आरसा, मग दवाखान्यात कसा?

प्रश्न होता, नर्सिंगच्या पुस्तकात ‘स्पेक्युलम’ हे तपासणीचं साधन आहे, तर शब्दकोशात ‘आरसा’ का? दोन्ही बरोबर. लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. ज्यात किंवा ज्यानं पाहायचं ते स्पेक्युलम. म्हणून नाक, कान, योनीमार्ग आतून दिसावा यासाठीच्या साधनालाही तेच नाव.

मला यातली सगळ्यात गोड गोष्ट वाटते ती वेगळीच. संस्कृतातलं ‘पश्यति’ आणि हेरासाठीचा ‘स्पश’ हे याच ‘स्पेकेरे’चे नातलग. आपला ‘आरसा’सुद्धा ‘आदर्श’वरून आला, म्हणजे ‘दृश्’, तेही पाहणंच! शब्दाचं मूळ वेगळं, विचार एकच.

न्यूटननं 1668 मध्ये परावर्तक दुर्बीण केली, तिचा आरसा काचेचा नव्हता. तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा होता. अशा धातूला स्पेक्युलम मेटल म्हणतात.

आणि पैठणला नाथसागरावर गेलात तर हळदीकुंकू बदकाच्या पंखावरचा चकाकता हिरवा पट्टा जरूर बघा. पक्षीशास्त्रात त्यालाही स्पेक्युलमच म्हणतात. उन्हात तो खरंच आरशासारखा चमकतो.